एका गुडघ्यापुरती रक्कम

जागेश्वर सोनकुसरे यांच्या हातून एकतीस वर्षांत एकही कागद हरवला नाही. कागदावरची कामं झाली असं कुणी म्हणत नाही. कागद हरवला नाही, एवढंच. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात ते आवक-जावक लिपिक होते. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का, शिक्क्यात नंबर, नंबर रजिस्टरात. ज्या कागदाला नंबर पडला त्याच्या केसालाही धक्का लागत नाही अशी त्यांची श्रद्धा होती, आणि निवृत्तीला चार वर्षं झाली तरी ती टिकून होती.

त्यामुळे सोनचक्री नावाच्या ऑनलाइन कॅसिनोनं त्यांचे दोन लाख दहा हजार रुपये अडकवले, तेव्हा पहिला आठवडाभर ते अजिबात घाबरले नाहीत. कॅसिनोनं त्यांना नंबर दिला होता. चांगला सोळा आकडी.

पैसे मात्र त्यांचे नव्हते. ते मैनाबाईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे होते. उमरेडला भावांनी वडिलांची मागाची जागा विकायला काढली, तेव्हा बहिणीची सही लागली. मैनाबाईंनी हक्कसोड लिहून दिली आणि भावांनी दोन लाख दहा हजार दिले. साठ वर्षांत बाईच्या नावानं आलेली ही पहिली रक्कम. तिचं काय करायचं हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवलं. गुडघा.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, "आजी, दोन्ही गेलेत. दोन्ही एकदम केले तर सोपं पडेल." एकाचा खर्च बरोबर तेवढाच सांगितला, दोन्हीचा जवळजवळ दुप्पट.

"एकच करा," मैनाबाई म्हणाल्या. "उजवा. डाव्याले मी पटवून घेईन."

जागेश्वररावांना हे पटलं नाही. अर्धी फाईल निकाली काढायची आणि अर्धी टेबलावर ठेवायची, हे त्यांनी नोकरीतही कधी केलं नव्हतं. ते अख्खी टेबलावर ठेवत. ग्रॅच्युइटी हुडकेश्वरच्या घरात आणि धनश्रीच्या लग्नात गेली होती. धनश्री पुण्याला, तिच्या डोक्यावर फ्लॅटचे हप्ते. पेन्शनीत गुडघा बसत नव्हता. ऑपरेशनच्या तारखेला अडीच महिने होते, रक्कम दोघांच्या सामाईक खात्यात नुसती पडून होती, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाईल एकच होता. तो जागेश्वररावांच्या खिशात असे.

खेळ साधा होता. एक चक्री फिरायची, तिच्यात एक गोळी पळायची, आणि सोनेरी साडीतली एक मुलगी गोळी थांबेपर्यंत हसत राहायची. दुपारी मैनाबाई आडव्या झाल्या की जागेश्वरराव रजिस्टर घेऊन बसत. पडलेला प्रत्येक आकडा त्यांनी नोंदवला. अनुक्रमांक, वेळ, आकडा, शेरा. दोन हजार एकशे चौदा नोंदी झाल्या, तोवर रक्कम अठरा हजारांवर आली होती. डावा गुडघा मिळाला नव्हताच, उजवाही घोट्यापर्यंत गेला होता.

मग असं झालं की चार दिवसांत सगळं परत आलं. कसं आलं ते रजिस्टरात आहे, पण त्यावरून कुणाला काही कळेल असं नाही. पाचव्या दिवशी पडद्यावर दोन लाख दहा हजार चारशे आले आणि जागेश्वररावांनी मोबाईल उशीवर उलटा ठेवला. पुन्हा त्यांनी चक्रीला हात लावला नाही.

कॅसिनोला जिंकून उठणारी माणसं माहीत असतात. हरून उठणारी तर त्यांच्या घरचीच. पण बरोबरीत येऊन कानाला खडा लावणारा माणूस त्यांच्याकडे वारंवार येत नसावा. जागेश्वररावांनी "रक्कम काढा" हे बटण दाबलं, तेव्हा दवाखान्यात भरती व्हायला एकोणीस दिवस होते.

तीन दिवसांनी त्यांनी चौकशीच्या खिडकीत पहिला अर्ज केला. खिडकी म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला एक लहान चौकोन.

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : खात्यातील रक्कम परत मिळणेबाबत. संदर्भ : आपला क्रमांक," आणि सोळा आकडे. "महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की..."

चार सेकंदांत उत्तर आलं. "नमस्कार जागेश्वर! मी काजल. तुमचा दिवस कसा चालला आहे?"

एकतीस वर्षांत कुठल्याही कार्यालयानं त्यांना हे विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, "ठीक."

"ऐकून आनंद झाला! ग्राहकांना न्याय्य वागणूक हे आमचं पहिलं वचन आहे. कृपया आधार कार्डाचा फोटो पाठवा."

त्यांनी पाठवला. दोन दिवसांनी कळलं की फोटोत कार्डाचा कोपरा दिसत नाही. कोपऱ्यासकट पाठवला. दोन दिवसांनी कळलं की पॅन कार्डही लागेल. मग विजेचं बिल. मग कार्ड हातात धरून काढलेला स्वतःचा फोटो. मग तोच फोटो, पण चष्म्याशिवाय.

सांगायला हरकत नाही, जागेश्वररावांना मनातून कौतुक वाटलं. सगळ्या त्रुटी एकदम कळवायच्या नाहीत, एकेक कळवायची, आणि प्रत्येकीनंतर दोन दिवस जाऊ द्यायचे, ही विद्या शिकायला त्यांना स्वतःला सहा वर्षं लागली होती. ही पोरगी कालपरवाची दिसत होती आणि हात किती बसलेला!

प्रत्येक उत्तराखाली एक मोठं हिरवं बटण असे. "वाट का पाहता? रक्कम परत खेळात घ्या, वर वीस टक्के बोनस." बटण दोन बोटं रुंद होतं. ते चुकून दाबलं जाऊ नये म्हणून जागेश्वरराव मोबाईल दोन्ही हातांनी कडेला धरत, उकळत्या चहाचा कप धरावा तसा.

दिवस जात होते. इकडे घरात ऑपरेशन मात्र वेळेवर चाललं होतं.

"पैसे भरले का जी तुमी दवाखान्यात?" मैनाबाई विचारत.

"भरतीच्या दिवशीच घेतात ते."

"मंग चेक घेऊन ठेवा नं बँकेतून. आयत्या वेळी तुमचं सापडत नाही काही."

"माह्याकडून आजपर्यंत काय हरवलं गा?" जागेश्वरराव एकदम चढ्या आवाजात म्हणाले. बायकोला आपण गड्यांसाठीचं "गा" म्हणालो हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

मैनाबाईंच्या आलं. "बरं नाही वाटत का तुमाले? मी का तुमचा शिपाई हाय?"

भरतीला सहा दिवस राहिले तेव्हा काजलनं नवी त्रुटी काढली. खात्यात भरलेली रक्कम कुठून आली, याचा पुरावा द्या. जागेश्वररावांनी हक्कसोडीचा कागद पाठवला. कागद खरा होता, नोंदणीचा शिक्का होता, नंबर होता. यापेक्षा सच्चा कागद त्यांच्या घरात नव्हता. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"धन्यवाद जागेश्वर! कागदावरून दिसतं की ही रक्कम तुमच्या पत्नीची आहे. ग्राहकांच्या कुटुंबीयांचं हित जपणं आमचं कर्तव्य आहे. कृपया पत्नीचा व्हिडिओ पाठवा. त्यात त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं की ही रक्कम त्यांनी तुम्हाला खेळण्यासाठी स्वखुशीनं दिली."

जागेश्वरराव गच्चीवर जाऊन बसले. ऊन होतं. टाकीच्या सावलीत ते अर्धा तास बसले. कॅसिनोचं काही चुकलं असं त्यांना म्हणता येईना. बायकोच्या पैशाबद्दल बायकोला विचारावं, हे या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल तर ते कॅसिनोला.

मग त्यांना उपाय सापडला. खोटं बोलायचं नव्हतं. मजकूर फक्त सरकारी मराठीत करायचा होता. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं : "मी, खाली उल्लेखिलेली, याद्वारे घोषित करते की, सदर निधी मी माझे पती यांस मनोरंजनपर उपयोजनामध्ये विनियोगार्थ स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना सुपूर्द केलेला असून त्याबाबत माझी हरकत नाही." त्यांच्या हिशेबानं एकही शब्द खोटा नव्हता, आणि मैनाबाईंना एकही कळला नसता. असं लिहायला अनुभव लागतो.

कागद खिशात घालून ते खाली उतरत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. चौकोनात काजल होती. तिनं दिवस कसा चालला ते विचारलं नाही.

"काका, लाइट बिलावर पत्ता पायला. हुडकेश्वर. माही मावशी राहते तिकडं. काका, तो व्हिडिओ नोका पाठवू. पाठवला का खातंच बंद करतात. दुसऱ्याचा पैसा म्हणून सगळा जमा करून घेतात, तसा नियमच हाय यांचा. मोठी रक्कम मागू नोका. ती विनंती रद्द करा अन् रोज पाच हजार काढा. पाच हजाराले कागद लागत नाही. जेवढे निघतीन तेवढे काढा. हे वाचलं का पुसून टाका."

जागेश्वररावांनी हे जिन्यातच चार वेळा वाचलं.

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं काय केलं असतं ते सोडा. जागेश्वररावांनी एकतीस वर्षं कार्यालय पाहिलं होतं. खालच्या टेबलावरचा माणूस अर्जदाराला बाजूला घेऊन हळूच सांगतो, "साहेब, तो कागद लावू नका, मी सांगतो तसं करा," तेव्हा त्याला काय पाहिजे असतं हे त्यांना पाठ होतं. स्वतः त्यांनी कधी चहाही घेतला नव्हता, म्हणून तर अशा माणसांचा वास त्यांना लांबून येई. शिवाय, विनंती रद्द करा! म्हणजे सोळा आकडी नंबर रद्द. आणि शेवटचं वाक्य तर त्यांच्या जिव्हारी लागलं. पुसून टाका. आलेला कागद पुसून टाका म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा?

त्यांनी पडद्याचा फोटो काढला आणि जिन्याच्या पायरीवर बसून तक्रार लिहिली. "विषय : आपल्या कर्मचारी श्रीमती काजल यांच्या गैरवर्तनाबाबत. सदर कर्मचारी यांनी मला आवश्यक कागद दाखल न करण्याचा व अभिलेख नष्ट करण्याचा सल्ला दिला. सोबत पुरावा जोडला आहे. उचित कार्यवाही व्हावी."

सोनचक्रीनं आजवर कुठल्याही कागदाला दोन दिवसांच्या आत उत्तर दिलं नव्हतं. या अर्जाला नऊ मिनिटांत आलं. "प्रिय जागेश्वर, आपल्या जागरूकतेबद्दल आभार. संबंधित कर्मचाऱ्याला तत्काळ कामावरून कमी करण्यात आलं आहे. न्याय्य वागणुकीसाठी आपण दिलेल्या सहकार्याबद्दल भेट म्हणून चक्रीचे पन्नास फुकट डाव!"

नऊ मिनिटं. अशी कार्यवाही त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला. वरची माणसं सरळ आहेत, भानगड खालच्या टेबलावर होती.

दुपारी त्यांनी मैनाबाईंना खिडकीपाशी बसवलं.

"कायचा व्हिडिओ हाय?"

"दवाखान्याचं काम हाय. आजकाल लागते."

मैनाबाईंनी पदर नीट केला, केसावरून हात फिरवला आणि कागद डोळ्यांपासून लांब धरला. चौथीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षर उचलत त्या वाचत गेल्या. "मनो... रंजनपर उप... योजना... हे उपयोजन म्हणजे काय जी?"

"ते दवाखान्याच्या भाषेत असते. वाच तू."

"अन् विनि... हे काय? माह्या तोंडात नाही बसून राहिलं."

"विनियोगार्थ."

"विनियोगार्थ," मैनाबाई म्हणाल्या, आणि हसू आलं म्हणून पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावलं. तिसऱ्या वेळी बरोबर जमलं. शेवटी कागदात नसलेलं एक वाक्य त्यांनी आपल्या मनानं जोडलं. "डॉक्टर साहेब, चांगला बसवजा बाप्पा."

तेवढं कापायला जागेश्वररावांना येत नव्हतं. व्हिडिओ तसाच गेला.

संध्याकाळी हिरवी खूण आली. "अभिनंदन जागेश्वर! तुमची कागदपत्रं पूर्ण झाली आहेत." खाली नाव होतं, काजल. सकाळी कामावरून काढलेली काजल संध्याकाळी हजर कशी, हे पाहून ते क्षणभर चमकले. मग उलगडा झाला. नाव खुर्चीचं होतं. खुर्चीवर कुणीही बसो, ती काजल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सक्करदऱ्याच्या बाजारातून मैनाबाईंसाठी मऊ तळव्याच्या चपला आणल्या. त्याच दुपारी उमरेडहून पार्वतीबाई आल्या. पार्वतीबाई म्हणजे मैनाबाईंची भावजय, ऑपरेशननंतर सेवेला. येताना त्यांनी आपल्या गेलेल्या सासूची संडासाची खुर्ची एसटीत घालून आणली होती. कंडक्टरनं खुर्चीचं अर्धं तिकीट घेतलं, यावरून त्या रस्ताभर भांडत आल्या होत्या.

"भाऊजी, मी म्हटलं त्याले, खुर्चीवर कोणी बसलंच नाही तं तिकीट कायचं?"

"मंग तूच बसायचं होतं तिच्यावर," मैनाबाई म्हणाल्या. "एका तिकिटात झालं असतं."

"एसटीत? त्या खुर्चीवर? मैनावन्सं, लोक काय म्हणले असते मले!"

दोघी हसल्या. त्या हसत असताना जागेश्वररावांच्या खिशात मोबाईल थरथरला.

"प्रिय ग्राहक, आपल्या पत्नीच्या जबाबावरून आपल्या खात्यात अन्य व्यक्तीचा निधी वापरला गेल्याचं सिद्ध झालं आहे. कलम चौदा पोटकलम तीनप्रमाणे खातं बंद करण्यात येत असून शिल्लक रक्कम संस्थेकडे जमा करण्यात येत आहे. हा निर्णय सर्व ग्राहकांना न्याय्य वागणूक मिळावी म्हणून घेतला आहे. निर्णय अंतिम आहे."

त्यांनी चौकोन उघडला. चौकोन होता. पण खाली जिथं अर्ज लिहायचा ती पट्टीच नव्हती. बोटानं त्यांनी त्या जागी चारपाच वेळा दाबून पाहिलं. पडदा गुळगुळीत होता.

भरतीला तीन दिवस होते.

चौकात प्रीतमचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, गॅसची जोडणी, सगळं तिथं होतं. सोमवारी जागेश्वररावांनी त्याला मोबाईल दिला आणि सगळ्याची छपाई मागितली.

"काका, चौसष्ट पानं होतात."

"होऊ दे. रजिस्टर पोस्टानं पाठवतो. वर अपील करतो."

प्रीतम छापता छापता वाचत होता. विसाव्या पानावर त्यानं मशीन थांबवलं. आधी हसायला लागला होता, मग हसला नाही.

"काका, अपील कोणाले करता? हे काय ऑफिस हाय का?"

"पत्ता हाय नं खाली."

प्रीतमनं पत्ता नकाशावर टाकला. निळा समुद्र आला. मोठा केला. आणखी निळा आला. शेवटी एक ठिपका दिसला, मिरीएवढा. "हे पाहा. इथं एक पेटी असन पत्राची, दुसरं काही नसन. असे हजार कॅसिनो एकाच पेटीत राहतात."

"मंग इकडं कोण बसते? ती पोरगी तं आपल्याकडची होती. नागपुरी बोले."

"पोरी इकडंच बसतात. तिकडं वाडीले, गावाबाहेरच्या गोदामायच्या वर, खोल्या किरायानं घेतल्या हायेत. आज इथं, उद्या तिथं. मालक कोण हे त्या पोरीलेही मालूम नसते."

"पोलिसात देतो."

"द्या नं. पण आता पैशाचा ऑनलाइन खेळ बंद झाला नं, काका. कायदा आला. पोलिस आधी तुमालेच पुसतीन, काका, तुमी तिथं गेलेच कायले?" प्रीतमनं आवाज खाली आणला. "एक नंबर हाय सायबर तक्रारीचा. लावून पाहू. पण तुमाले पैसे कधी पायजे होते?"

"परवा," जागेश्वरराव म्हणाले. "सकाळी दहा वाजेपर्यंत."

प्रीतमनं नंबर लावला, तक्रार नोंदवली. एक क्रमांक मिळाला, तो चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिला. जागेश्वररावांनी चिठ्ठी पाहिली. आकडे चांगले होते, अक्षर स्वच्छ होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या नंबराकडे बघून त्यांना काहीच वाटलं नाही.

"ते पोरीचं पान," ते म्हणाले. "ते पुन्हा छाप एकदा. मोठ्या अक्षरात."

प्रीतमनं छापलं. जागेश्वररावांनी उभ्या उभ्या वाचलं. जेवढे निघतीन तेवढे काढा. रोज पाच हजार, पाच दिवस, पंचवीस हजार. पंचवीस हजारांत गुडघा येत नाही. पण पंचवीस हजार म्हणजे शून्य नव्हे. आणि पोरीला पगार किती असेल? दहा? बारा? तिच्या मावशीचं घर कोणत्या गल्लीत, हे विचारत फिरावं असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, सापडलं तर काय सांगायचं तिथं?

मंगळवारी ते दोन जुन्या सहकाऱ्यांकडे जाऊन आले. एकाकडे चहा मिळाला, दुसऱ्याकडे चहा आणि सल्ला. बँकेत पेन्शनवर कर्ज मिळत होतं. आठ ते दहा दिवस लागतील, कागदपत्रं पूर्ण असल्यास, असं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. जागेश्वररावांनी मान डोलावली. दहा दिवस म्हणजे किती, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बुधवारी सकाळी मैनाबाई न्हाऊन तयार होत्या. पिशवी भरलेली, वर दवाखान्याची फाईल, फाईलवर नव्या चपला. पार्वतीबाई कोपऱ्यावर ऑटो पाहायला गेल्या होत्या.

जागेश्वरराव टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. मैनाबाईंनी मागून डोकावलं. "प्रति, सौ. मैनाबाई. विषय : रकमेबाबत." पुढं काही नव्हतं.

"हे मले लिहून राहिले का?"

जागेश्वररावांनी पेन खाली ठेवलं. मग सांगितलं. सरकारी मराठीत नाही, साधं सांगितलं. चक्री, रजिस्टर, अठरा हजार, परत आलेले दोन लाख दहा, पोरगी, तक्रार, कलम चौदा. पाच मिनिटं लागली असतील. मैनाबाई पिशवीवर हात ठेवून ऐकत होत्या. मध्ये एकदाच बोलल्या, "दुसऱ्या गुडघ्यासाठी?" ते हो म्हणाले.

"तो व्हिडिओ लावा."

"कायले आता..."

"लावा."

त्यांनी लावला. मोबाईलच्या पडद्यावर मैनाबाई पदर सारखा करून स्वखुशीनं आणि कोणत्याही दबावाविना म्हणत होत्या. शेवटी डॉक्टर साहेबांना बाप्पा म्हणाल्या.

"पुन्हा लावा. थांबा. उपयोजन म्हणजे?"

"ॲप."

"अन् ते तोंडात बसत नव्हतं ते?"

"विनियोगार्थ. वापरण्यासाठी."

"मनोरंजन तं मले समजते," मैनाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. व्हिडिओ केव्हाच थांबला होता. "भावानं सही घेतली तवा रजिस्ट्रार साहेबानं विचारलं होतं, बाई, स्वखुशीनं देता का? मी हो म्हटलं. तिथं दोन लाख दहा हजार तरी भेटले."

जागेश्वररावांनी अर्धवट अर्जाची घडी घातली.

"दवाखान्यात फोन लावा."

"मी सांगतो त्याईले..."

"तुमी नोका सांगू काही. लावा अन् मले द्या."

दवाखान्यातल्या मुलीचा आवाज गोड होता आणि मोठा होता. खोलीत सगळं ऐकू येत होतं. मैनाबाई म्हणाल्या, "बाई, मी मैनाबाई सोनकुसरे. आज येत नाही मी. मले नाही करायचं ऑपरेशन."

"का हो आजी? काय झालं? भीती वाटते का?"

मैनाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "भीती वाटते."

मग ती मुलगी समजावत राहिली. सगळ्यांनाच वाटते आजी, मागच्या महिन्यात ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या, तिसऱ्या दिवशी चालायला लागल्या, आता नातवाच्या वरातीत नाचल्या; दुखत नाही, सुई दिली की कळतसुद्धा नाही. मैनाबाई हूं, हूं करत सगळं ऐकून घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, "ब्याऐंशी? नाचल्या?" मुलगी म्हणाली, "हो ना! बरं आजी, काकांना द्या बरं फोन."

जागेश्वररावांनी फोन घेतला.

"काका, तुम्हीच समजवा ना त्यांना. आजी उगाच घाबरल्या. दुसरा काही प्रश्न नाही ना? पैशाचा वगैरे?"

जागेश्वररावांनी फाईलवरच्या चपला उचलून खाली ठेवल्या.

"नाही," ते म्हणाले. "पैशाचा नाही."

"मग झालं तर. तुम्ही नीट समजावून सांगा, मी बारापर्यंत बेड धरून ठेवते."

"बरं," जागेश्वरराव म्हणाले. "समजावतो."

बाहेर ऑटो येऊन थांबला. पार्वतीबाई ऑटोवाल्याशी भाड्यावरून वाद घालत होत्या. खुर्ची न्यायची नाही तरी तो खुर्चीएवढे पैसे मागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"काय म्हणे ती?" मैनाबाईंनी विचारलं.

"म्हणे, तुले समजावून सांग."

"मंग सांगा," मैनाबाई म्हणाल्या. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी हात लांबवून खिडकी लावून घेतली आणि ऐकायला बसल्या.